बाबांचा करडा पडदा

बाबांच्या शोकसभेसाठी फोटो निवडायचं काम मी मागून घेतलं. फोटोतलं या घरात मला एकटीलाच कळतं, असंही सगळ्यांना सांगून टाकलं. आईची अट एकच होती: आजारी माणूस भिंतीवर नको. शेवटच्या महिन्यांतला चेहरा तिने पाहिला तेवढा पुरे होता.

बाबा रेडिओलॉजिस्ट होते. जन्मभर लोकांची छाती, पोट आणि मणके बघत अंधाऱ्या खोलीत बसले. घरच्या खोलीतही त्यांचा खास मॉनिटर होता. त्यावर फक्त काळा, पांढरा आणि मधले करडे रंग दिसत, आणि तो स्वतःच्या ग्राफिक्स कार्डाखेरीज दुसऱ्या कशालाही दाद देत नसे. साधं कार्ड अडीचशे करड्या छटा देतं, हे हजारावर देतं, असं बाबा लग्नात भेटलेल्या अनोळखी माणसालाही अडवून सांगत. शेवटी ठरलेलं वाक्य येई, "साधा पडदा खोटं बोलतो."

मॉनिटरच्या चौकटीतून अधूनमधून बोटाएवढा एक दांडा आपणहून बाहेर येई, पडद्याचा उजेड मोजे आणि आत जाई. न बोलावता येऊन तपासणी करून जाणाऱ्या या दांड्याला आई 'सासूबाई' म्हणे.

तर मी फोटो निवडला तो या पडद्यावर. दुसरीकडे कुठे बघणं म्हणजे बाबांचा अपमान. धाकट्या भावाने गेल्या वर्षी, आजार कळण्याच्या आधी काढलेला: बाबा खिडकीशी, नुकतंच काही बोलून हसलेले. कपाळावरची एकेक रेघ मोजता येत होती. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हाच. यात बरे आहेत." करड्या रंगाचं कोणालाच नवल वाटलं नाही. त्या खोलीत सगळंच करडं असायचं.

स्टुडिओतून मोठा फोटो रंगीत होऊन आला, तेव्हा बाबांचे डोळे पिवळे होते.

मी स्टुडिओवाल्याला फैलावर घेतलं. माझ्या यंत्रात दोष नाही, असं तो म्हणाला. मग तुझ्या डोळ्यांत असेल, असं मी म्हणाले. भावाने दोष बाबांच्या कार्डावर ढकलला, म्हणून मी त्याच्याशीही भांडले. स्टुडिओवाल्याने वैतागून पिवळा रंग काढला. दुसऱ्या फोटोत बाबांचे डोळे उकडलेल्या अंड्यासारखे आणि ओठ जांभळे झाले. आईने तो बघून एवढंच विचारलं, "हे कोण?" आम्ही मुकाट्याने पहिलाच फोटो खुर्चीवर ठेवला.

सभेला बाबांचे एक जुने सहकारी डॉक्टर सगळ्यांच्या आधी आले. फुलं हातातच धरून ते फोटोसमोर उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हा कधीचा?"

मी अभिमानाने सांगितलं, आजाराच्या आधीचा.

"आधीचा नाही, बाळ," ते हळूच म्हणाले. "कावीळ आहे ही. स्वादुपिंडाची गाठ अशीच सुरू होते."

आई मागेच उभी होती. बाबांची गाठ सापडली ती त्यानंतर कितीतरी दिवसांनी, तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. आई म्हणाली, "तेव्हा हे खोलीतला दिवा लावू देत नव्हते. मला वाटलं, काम आहे." मग तिने फोटो उलटा करून भिंतीला टेकवला.

माणसं यायला लागली होती. काळापांढरा छापून आणायला वेळ नव्हता. मग मी आणि भावाने संगणक, वायरी आणि तो जडशीळ मॉनिटर बाहेर ओढून आणला आणि तोच फोटो पडद्यावर लावला. बाबा पुन्हा करडे झाले. पुन्हा बरे झाले.

ते जुने सहकारी सोडले तर कोणाला पत्ता लागला नाही. रांगेने आलेले डॉक्टर, आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून बघणारे, म्हणत होते, सर किती ठणठणीत दिसतात. मी मान डोलावत होते. काम जमलं होतं.

तेवढ्यात चौकटीतून सासूबाई बाहेर आल्या. बाबांच्या कपाळावर टेकल्या, उजेड मोजला आणि आत गेल्या. हसऱ्या चेहऱ्यावर मजकुराचा एक चौकोन उमटला. त्या जुन्या सहकाऱ्यांनी जन्मभराच्या सवयीने तो मोठ्याने वाचला, "तपासणी पूर्ण. पडदा निदानासाठी योग्य."

आई खुर्चीवरून पडद्याकडे बघत, सुनेच्या अदबीने म्हणाली, "आता कशाला आलात?"

पडद्यासमोर फुलं घेऊन उभ्या असलेल्या डॉक्टरांना वाटलं, आपल्यालाच. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

त्यांचा गैरसमज दूर करायला हवा होता. मी केला नाही. मीही मान खाली घालून उभी होते.