काकूंचा राहिलेला काना

छापखान्यात तेहतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाच्या हातून चूक होईल का हो? शक्यच नाही! हे आमचं मत नव्हे, खुद्द वेलांटीकाकांचं. त्यांचं खरं नाव वेगळं होतं. पण ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी इतक्या लेखकांना रडवलं होतं, की छापखान्यात हे नाव पडलं आणि निवृत्तीनंतर त्यांच्यामागोमाग घरी आलं. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा ते हातात लाल पेन घेऊन वाचायचे. औषध मग राहूनच जायचं.

काकूही त्याच छापखान्यातल्या, बांधणीच्या टेबलावरच्या. छापून आलेल्या मोठ्या कागदावर सोळा पानं असतात आणि त्यातली निम्मी उलटी असतात. घड्या घातल्या की मग ती सरळ होतात. परदेशातल्या पाच जुन्या शहरांचं एक चित्रमय पुस्तक दर दोन-तीन वर्षांनी छापायला यायचं. काकूंनी त्याच्या हजारो घड्या घातल्या, शिवण घातली. पण काम असं झपाट्याचं, की घडी घातलेलं पान उघडून बघायला फुरसत कोणाला?

"ते घुमट, तो दगडी पूल, सगळं मी डोक्यावर उभं असलेलंच बघितलंय," त्या म्हणायच्या. "एकदा सरळ उभं असलेलं बघायचंय!"

"बघू, बघू," काका म्हणायचे. अशी वीस वर्षं गेली.

मग काकू दाराच्या चौकटीला धडकायला लागल्या. आधी हसण्यावारी नेलं. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं आणि खुर्ची मागे सरकवली. "नजर कडेकडून बंद होत चाललीय. समोरचं दिसतं, पण कुलपाच्या भोकातून दिसावं तसं. आणि ते भोकही बारीक होत जाणार."

"किती दिवस?" काकूंनी विचारलं.

"वर्षभर. फार तर. जे बघायचं असेल ते बघून घ्या."

बसमध्ये समोरच्या सीटच्या पाठीवर कोणीतरी एक अत्यंत अशुद्ध प्रेमसंदेश खरडला होता, त्याकडे काकांनी बघितलंसुद्धा नाही. घरी आल्यावर मात्र त्यांनी कोरी वही काढली, समास आखला आणि जाहीर केलं, "पाच शहरं, अकरा दिवस! आपल्या ऐपतीत! आणि एकही चूक होणार नाही!"

काकूंचा भाऊ म्हणाला, "भाऊजी, एखाद्या कंपनीबरोबर जा की. झेंडा धरलेला माणूस पुढे, तुम्ही मागे."

"त्यांचं माहितीपत्रक वाचलंस? पहिल्या पानावर नऊ चुका! अशा माणसांच्या मागे मी परमुलखात जाऊ?"

झालं! काका स्वतःच कामाला लागले. स्वस्तातली राहण्याची जागा म्हणजे एका खोलीत सहा खाटा, त्याही एकावर एक. पहिल्या शहरातल्या अशा एका जागेच्या मालकाने इंग्रजीत स्वागताचं पत्र पाठवलं. काकांनी त्यातल्या सतरा चुका लाल रंगात दुरुस्त केल्या आणि कळकळीने पत्र परत पाठवून दिलं. तासाभरात उत्तर आलं: तुमची खोली रद्द. त्या उत्तरातही दोन चुका होत्या. काकांनी त्याही कळवल्या.

दुसऱ्या मालकाचंही तेच झालं. तिसऱ्याच्या वेळी काकू खुर्ची ओढून शेजारी बसल्या. "आता एका अक्षराला जरी हात लावलात ना, तर तुम्ही त्या पुलाखाली झोपाल. मी वरून बघेन!"

काका हात पाठीमागे बांधून बसले. खोली मिळाली.

आता मूळ दुखणं. काकूंच्या पासपोर्टमध्ये नावाचं शेवटचं अक्षर गळालं होतं. इंग्रजीतलं एकच अक्षर, पण मराठीत तो सबंध काना! काना गेला आणि काकूंच्या नावाचा पुरुष झाला. तीन वर्षांपूर्वी पासपोर्ट हातात आला त्याच दिवशी काकांनी हे पकडलं होतं. "दुरुस्त करून आणतो," म्हणून ते निघालेही होते. काकूंनीच अडवलं. "राहू द्या हो. कुठे जातोय आपण!"

व्हिसाचे फॉर्म मेव्हण्याने भरले. पासपोर्टवरून डोळे मिटून उतरवले, काना नाही तर नाही. व्हिसा बिनबोभाट आला, वर्षभराचा. काकांनी मेव्हण्याचे आभार मानायचे सोडून त्याला फैलावर घेतलं. "चूक जशीच्या तशी उतरवलीस? लाज नाही वाटली?"

"भाऊजी, पाया पडतो, तिकिटावरही तसंच लिहा."

"मी? जाणूनबुजून अशुद्ध लिहू? आणि तेही हिचं नाव?"

आणि काकांनी विमानाची सर्वांत स्वस्त तिकिटं काढली, काकूंचं नाव कान्यासकट लिहून, तीनदा तपासून. तिकीट शुद्ध, पासपोर्ट अशुद्ध!

निघायच्या दिवशी सकाळी दोघं विमानतळावर पोचली. काकूंनी नवे बूट घातले होते. एक हात काकांच्या दंडावर, मान सारखी इकडून तिकडे. त्या बारीकशा भोकातून त्या एकेक गोष्ट टिपून घेत होत्या: छत, घड्याळ, रांगेतलं एक बाळ. "किती उंच आहे हो हे!" त्या सारख्या म्हणत होत्या.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, पुन्हा पासपोर्ट बघितला. "काका, नाव जुळत नाहीये."

"बरोबर. पासपोर्टमध्ये चूक आहे. तिकीट बरोबर आहे."

"पासपोर्टमध्ये असतं तेच बरोबर, काका."

"असं कसं? चूक ती चूक! सरकारने केली म्हणून काय शुद्ध होते?"

"मी साहेबांना विचारून येते," मुलगी म्हणाली, आणि पासपोर्ट काउंटरवर ठेवून आत गेली.

पाच मिनिटं गेली. मागची रांग चुळबुळायला लागली. कोणीतरी म्हणालं, "घरून नीट बघून यायचं ना!" काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेहतीस वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. समोर ते पान उघडं होतं. त्यात ते नाव होतं, आणि शेवटी ती रिकामी जागा. खिशात पेन होतं. काका नंतर शपथेवर सांगायचे की हात आपोआप गेला, आणि आम्हाला ते खरं वाटतं. राहिलेलं अक्षर आत घ्यायची प्रुफवाल्यांची खूण असते, टोपीसारखी छोटीशी. ती त्यांनी नावाच्या शेवटी केली, समासात ते अक्षर लिहिलं आणि खाली सवयीने सही ठोकली. लाल शाईत!

मुलगी साहेबांना घेऊन हसत हसत आली. साहेब भला माणूस होता. "आजी, घाबरू नका. एका अक्षराचा फरक आहे, तिकिटावर आम्हीच दुरुस्त करून देतो. दोन मिनिटांचं काम." त्यांनी पासपोर्ट उचलला.

लाल शाईवर त्यांचा अंगठा थांबला.

"हे कोणी केलं?"

"मी," काका म्हणाले. अजून त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, बरं का! "आता जुळेल."

"काका," साहेब अगदी हळू म्हणाले, "हा पासपोर्ट आता रद्द झाला."

काकूंनी हात पुढे केला. साहेबांनी पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी ते पान डोळ्यापाशी नेलं आणि एकेक अक्षर सरकत सरकत त्या लाल खुणेपर्यंत आल्या. "छान बसवलंय अक्षर," त्या म्हणाल्या. "अगदी ओळीत." मग त्या सामानाच्या ढकलगाडीवर बसल्या आणि नव्या बुटांचे बंद सोडायला लागल्या. काका तिथेच, सगळ्या रांगेसमोर, ढसाढसा रडले.

पुढे पासपोर्ट कार्यालयात चौकशी झाली. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, "सरकारी कागदावर पेन का चालवलंत?"

"चूक होती."

"कोणाची?"

काकांनी खूप विचार केला. "माझी," ते म्हणाले. अधिकाऱ्याने जबाब लिहून पुढे सरकवला. त्यात चार चुका होत्या. काकांनी मुकाट्याने सही केली.

नवा पासपोर्ट यायला आठ महिने लागले; जुन्या पासपोर्टातला व्हिसा तेवढा शाबूत होता. या आठ महिन्यांत काकूंचं कुलपाचं भोक सुईच्या नेढ्याएवढं झालं. त्या आता ताटातली भाकरी बोटांनी शोधायच्या. काका रोज दुपारी ते पाच शहरांचं पुस्तक उघडून त्यांच्या डोळ्यापुढे सरळ धरायचे, पण सबंध पान काही नजरेत मावत नसे. डॉक्टर म्हणाले, "जायचं तर या महिन्यात जा. आणि पाच वगैरे विसरा. एक शहर बघा." काकूंनी दगडी पुलाचं शहर निवडलं. काकांनी वहीतली बाकीची चार स्वतःच्या हाताने खोडली.

आणि एका सकाळी पासपोर्ट आला. काकू स्वयंपाकघरातून भिंतीला हात लावत बाहेर आल्या. "बघा बरं. आलाय का माझा काना?"

काकांनी पान उघडलं. कोणीतरी जुनी नोंद समोर ठेवून डोळे मिटून उतरवली होती. काना नव्हता. काकू पुन्हा पुरुष!

दुरुस्तीला टाकायचा तर आणखी आठ महिने. काकांचा हात खिशाकडे गेला, तिथेच थांबला आणि परत आला. तेहतीस वर्षांत त्यांनी चुकीच्या मजकुराला एकदाही बरोबर म्हटलं नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "एकही चूक नाही."

काकूंनी त्यांच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं.

"मग बसा तिकीट काढायला," त्या म्हणाल्या. "आणि त्यातही अगदी हीच चूक करा."