शेवंता मासोळी आणि महाराजांची टाकी

एका जंगलात सिंह राज्य करत होता. जंगल म्हटल्यावर सिंह आलाच, त्यात नवीन काय, असं म्हणू नका. ही गोष्ट सिंहाची नाहीच मुळी, पाण्याची आहे. पण पाण्याची गोष्ट म्हटली की तुम्ही मुलं जांभया देता, म्हणून आधी सिंह.

तर हा सिंह एकदा शेजारच्या जंगलात वाघाकडे जेवायला गेला. वाघाच्या गुहेत काचेची टाकी होती आणि टाकीत रंगीत मासे फिरत होते. सिंहाला जेवण गेलं नाही. घरी आल्या आल्या त्याने हुकूम सोडला, "आम्हालाही टाकी पाहिजे. वाघापेक्षा मोठी."

माकडांनी टाकी पैदा केली. कुठून, ते सरकारी कामात विचारायचं नसतं.

टाकी सजवायचं काम येसाजी पाणमांजराकडे आलं. येसाजीचा जन्म पाण्यात गेलेला. तो मासे खात असे, पण ओळखीचे नाही. त्याने वाळू धुतली, गोटे रचले, पाणवनस्पती लावल्या, ओढ्याचं पाणी भरलं. ओढ्यातले काही जुने, निसरडे दगडही मुद्दाम आत ठेवले. मग तो टाकीकडे बघत स्वस्थ बसला.

"मासे कुठायत?" सिंहाने विचारलं.

"पाणी तयार व्हायचंय, महाराज."

"पाणी काय भाकरी आहे तयार व्हायला?"

येसाजीने समजावून सांगितलं. ओढ्याचं पाणी वाहतं, टाकीतलं कोंडलेलं असतं. मासा खातो, घाण करतो आणि त्या घाणीचं पाण्यात विष होतं. ते विष खाऊन टाकणारे बारीक बारीक जीव असतात. ते गोट्यांवर नि वाळूत वस्ती करतात. डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला नुसतं बुळबुळीत लागतं. त्यांची वस्ती जमली की मासा जगतो. त्याला थोडे दिवस लागतात.

"आमच्या राज्यात राहतात आणि आम्हाला दिसत नाहीत?" सिंह म्हणाला. त्याला हे अजिबात आवडलं नाही.

आता या जंगलात स्वच्छता खातं रानडुकराकडे होतं. हसू नका. खाती कशी वाटतात ते तुम्ही मोठे झालात की कळेल. रानडुकराने टाकीत नाक घातलं आणि तो ओरडला, "बुळबुळीत! महाराजांच्या टाकीत बुळबुळीत गोटे!" त्याने माकडांकडून गोटा न् गोटा राखेने घासून घेतला. पाणी ओतून नवं भरलं. टाकी लखलखली. हौसेने दोन मासे सोडले. संध्याकाळी ते उलटे तरंगायला लागले.

"झोपलेत," रानडुकराने महाराजांना सांगितलं.

येसाजीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वस्ती जमत आली, तोच अस्वल टाकी बघायला आलं. पाहुणे येणार म्हणून टाकी घासली. मग अस्वलाचे व्याही आले. पुन्हा घासली. पाहुणे आले की टाकी घासायची, अशी चालच पडून गेली. त्यामुळे टाकी कायम स्वच्छ असे आणि पाणी कायम कच्चं.

शेवटी सिंहाचा धीर सुटला. त्याने उद्घाटन जाहीर केलं. ओढ्यातली लाल कल्ल्यांची, चपळ शेवंता मासोळी निवडली गेली आणि तिला माठात घालून टाकीशेजारी आणून ठेवलं. उलटे तरंगणारे मासे काढून फेकले होते ते तिच्याच ओढ्यात. तिने ते पाहिले होते.

"येसूकाका, खरं सांगा. आत गेले तर जगेन का मी?"

"आत्ता नाही गं."

"मग सांगा की त्यांना!"

"सांगतोच आहे. पाणी तयार नाही म्हटलं की म्हणतात, येसाजी आळशी आहे."

शेवंता माठात गोल गोल फिरली. ती फार घाबरली होती. मग ती वर आली आणि म्हणाली, "काका, पाण्याचं नावच काढू नका. मुहूर्त नाही म्हणा."

जंगलात मुहूर्ताचं काम राघोपंत पोपटाकडे होतं. तो शहरात एका ज्योतिषाच्या पिंजऱ्यात चिठ्ठ्या काढून आलेला, त्यामुळे त्याच्या शब्दाला मान होता. येसाजी पिकलेले पेरू घेऊन त्याच्याकडे गेला. दुसऱ्या दिवशी दरबारात पोपटाने डोळे मिटले आणि सांगितलं, "ग्रह वाकडे आहेत. पुढची पौर्णिमा उलटेपर्यंत टाकीत जीव सोडू नये, महाराजांना त्रास आहे. तोवर टाकी सोवळ्यात. आंघोळ केल्याशिवाय कोणी शिवायचं नाही."

"मी रोज आंघोळ करतो," रानडुक्कर म्हणाला.

"चिखलातली धरत नाहीत."

आणि बाळांनो, पाण्यासाठी एक दिवस थांबायला तयार नसलेला सिंह ग्रहांसाठी हात जोडून थांबला! शेवंताला तोवर ओढ्यात परत सोडलं. पाहुणे लांबूनच नमस्कार करून जाऊ लागले. टाकीला फक्त येसाजी हात लावी, कारण तो सदाच न्हालेला. पाणी आधी गढूळलं, मग आपोआप नितळ झालं. गोटे छान बुळबुळीत झाले.

मुहूर्तावर नारळ फुटला. शेवंता टाकीत गेली. दुसऱ्या दिवशी ती पोहत होती. त्यानंतरही पोहतच राहिली. येसाजीला इतका आनंद झाला की त्याला रडू आलं.

मग सत्कार झाले. अचूक मुहूर्ताबद्दल पोपटाला शाल मिळाली. टाकीच्या स्वच्छतेबद्दल रानडुकराला मानपत्र मिळालं. कामाला विलंब लावल्याबद्दल येसाजीला काढून टाकलं.

समारंभ संपतो न संपतो तोच सिंहीण म्हणाली, "मलाही टाकी हवी. यांच्यापेक्षा मोठी."

माकडांनी तीही आणली आणि शेवंताच्या टाकीला लागून ठेवली. रानडुकराने राखेने घासून तिचा आरसा केला. पोपटाला मुहूर्त विचारला. त्याने डोळे मिटायच्या आत राणीसाहेबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. उद्या सकाळचाच फार उत्तम मुहूर्त निघाला.

सकाळी माठ आला. माठात शेवंताच्या बहिणी होत्या.

शेवंताने काचेवर डोकं आपटलं. "थांबा! पाणी तयार नाही! मुहूर्त खोटा होता, मीच सुचवला होता! येसूकाकांना बोलवा!" ती जीव तोडून ओरडत होती.

काचेबाहेर काहीच ऐकू आलं नाही. शेवंताचं तोंड उघडताना आणि मिटताना तेवढं दिसत होतं.

"बहिणी आल्या म्हणून किती खूश झालीय बघा!" राणीसाहेब म्हणाल्या आणि सगळ्या दरबाराने टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य : घाई करू नये, पाणी तयार होऊ द्यावं, असं या गोष्टीवरून तुम्हाला वाटलं असेल. मुलांनो, मुळीच तसं नाही. थांबा म्हणणाऱ्याची नोकरी जाते. मुहूर्त काढणाऱ्याला शाल मिळते. मासे काय, ओढ्यात पुष्कळ आहेत.