चौथं कडवं

“गेला,” मेहुणी म्हणाली. म्हणजे म्हणाली कसली, नुसते ओठ हलले. आवाज खरोखरच गेला होता.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला आणि घड्याळात वाजले होते चार! शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मन नाटकांतली राजकीय गाणी. गाणार मेहुणी, पियानोवर तिची थोरली बहीण. आता असल्या गाण्यांत मालकावर ओरडावं लागतं हे कबूल, पण सकाळपासून अकरा वेळा कशाला ओरडायचं? स्वतः डॉक्टर असलेल्या बाईला हे कोण सांगणार!

थोरलीचा नवरा छापखान्यात मशीनमन. वाचनालयाच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडता मांडता त्याने बायकोकडे पाहिलं. ती पियानोसमोर नुसती बसून होती. हा पियानो वाचनालयाचा. घरी दोन खोल्यांत तो मावणार कुठे? आणि ग्रंथपालांनी स्वच्छ सांगितलं होतं, “बाई, आज चाळीस माणसं आली तर दर महिन्याला कार्यक्रम करू. नाहीतर पियानो हलवायचा आणि तिथे कपाटं लावायची. एक तर त्याचं पेडल कुरकुरतं, वाचणाऱ्यांना त्रास होतो.”

“रद्द करू या,” बायको म्हणाली.

“अगं, रद्द कशाला? मी गातो!” हे शब्द आपल्याच तोंडून आले हे मशीनमनला जरा उशिरा कळलं.

“तुम्ही? अहो, जर्मन आहे ते!”

“सहा महिने रोज इथे बसून तुमची तालीम ऐकतोय. पाठ झालंय सगळं.”

त्याने तिथल्या तिथे दोन गाणी म्हणून दाखवली. आवाज खणखणीत, छापखान्यात बावीस वर्षं मशीनच्या वर आवाज काढून बोललेला माणूस तो. बायकोच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मेहुणीने खूण केली, ‘भावोजी, झकास!’ आणि आपली वही त्याच्या हातात कोंबली.

सहाला पन्नास माणसं आली. पहिल्या रांगेत मधोमध बसले होते जर्मनचे म्हातारे सर. मेहुणीचे उच्चार त्यांनीच घटवून घेतले होते, आणि एक स्वर चुकला तरी ते दाढदुखी झाल्यासारखा चेहरा करत. त्यांच्याकडे बघायचंच नाही असं मशीनमनने ठरवलं. पहिली पाच गाणी पार पडली. टाळ्याही बऱ्या पडल्या.

राहिलं शेवटचं. त्यात एक कामगार मालकाला चार कडव्यांत चार प्रश्न विचारतो. तीन झाले. आणि चौथ्याच्या तोंडाशी आल्यावर मशीनमनला साक्षात्कार झाला, की चौथं कडवं आपण कधी ऐकलेलंच नाही! कारण रोज तिसरं संपलं की बायको म्हणायची, “अहो, तेवढा चहा टाका ना,” आणि तो वाचनालयाच्या मागच्या खोलीत जायचा.

त्याने घाईघाईने वही उघडली. अक्षर डॉक्टरांचं! औषधाच्या दुकानदाराने कदाचित त्यावरून खोकल्याची बाटली दिली असती, पण गाणं? नाव नको.

पियानो कडव्याच्या तोंडाशी येऊन थांबला. बायकोने मान वर केली. पेडल कुरकुरलं. आता हिचा पियानो गेला, आणि तोही माझ्यापायी! आणि त्या गडबडीत, बावीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेलं जर्मन त्याच्या तोंडून बाहेर पडलं:

“आख्टुंग! हेंडं वेक!”

सर ताठ बसले. पण आता माघार कसली? एकदा चाक फिरलं की फिरलं. त्याने मूठ वळली.

“निश्त अफनन! निश्त अफनन! माशीनं लॉइफ्ट!”

बायकोला जर्मनचा गंध नव्हता, तिचं लक्ष सुरांत. तिला वाटलं, काय जोरात घेतलंय यांनी! तिनेही सुरांचा पाऊस पाडला. मागच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. शेवटी आवाज एकदम खाली आणून, छातीवर हात ठेवून, मशीनमनने हळवेपणाने म्हटलं, “अल नाखफ्यूलन…”

टाळ्यांनी हॉल दणाणला. सर मात्र रुमालात तोंड खुपसून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मशीनमनच्या मनात आलं, म्हाताऱ्याला रडवलं आपण. धरणीमाते, पोटात घे!

गर्दी पांगल्यावर सर काठी टेकत त्याच्याकडे आले. “चौथं कडवं माझ्या वहीत असं नव्हतं.”

“नाही सर.”

“पण ओळखीचं आहे. तुमच्या छापखान्यातलं ते हिरवं मशीन ना? ‘सावधान, हात दूर ठेवा. उघडू नका, यंत्र चालू आहे.’ मशीन नवं होतं तेव्हा त्याच्या पाट्या आपल्या भाषेत करून द्यायला मलाच बोलावलं होतं.”

“म्हणजे ती खालची मराठी पाटी तुमची?” मशीनमन थक्क झाला. “आणि तुम्ही रडत होता…”

“रडतोय कसला! हसू दाबता दाबता जीव जायची वेळ आली होती.” सरांनी त्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. “दहाच्या दहा! अहो, जन्मभर कवितांची भाषांतरं केली, एकानेही वाचली नाहीत. हे वाचलंत. बरं वाटलं हो मला.”

मशीनमनचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात ग्रंथपाल आले. “बाई, पुढच्या महिन्याची तारीख ठरवून टाका. पियानो कुठे जात नाही. फक्त ते चौथं कडवं हवंच बरं का, लोक विचारताहेत.”

घरी जाताना बायको त्याचा हात धरून म्हणाली, “ती शेवटची ओळ काय सुंदर म्हटलीत हो! मला रडूच आलं. अर्थ काय तिचा?”

आता खोटं कशाला बोलायचं? “तेल भरा,” तो म्हणाला.

ती थबकली. मग म्हणाली, “मग उद्या येताना घेऊन या छापखान्यातून थोडं. पेडल केव्हाचं कुरकुरतंय.”