खात्रीशीर नाक

१९९४ सालच्या डिसेंबरात कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत रोज संध्याकाळी सडक्या कांद्यासारखा वास येऊ लागला. नव्याने राहायला आलेल्या श्यामसुंदर दाबक्यांच्या चार वर्षांच्या क्षिप्राला त्या वासाने धाप लागायची. म्हणून त्यांनी बेलापूरच्या प्रदूषण नियंत्रण कार्यालयात तक्रार केली. बिचारा माणूस! आता कोणीतरी येऊन वास घेईल, असं त्याला वाटलं.

साहेब आले, पण सकाळी अकराला.

"प्रत्यक्ष वास अनुपस्थित असल्याने साक्षी घेऊ," ते म्हणाले. "दाबके, तुमची खात्री किती टक्के?"

"नव्वद टक्के, साहेब. म्हणजे... शेजारी स्टोव्ह पेटतो, थोडा रॉकेलचाही असेल."

"म्हणजे तुम्हालाच शंका आहे."

मग आमचे अध्यक्ष विलास पाटकर पुढे झाले. सर्दीने बारा महिने नाक चोंदलेलं. करपलेली भाजीसुद्धा हा गृहस्थ वाहवा करत खातो.

"लिहून घ्या साहेब, वासबिस काय नाय! आमी पाच वर्षं राहतो इथे. ह्यांना उगाच टेन्शन."

एवढी ठाम साक्ष ऐकून साहेब गहिवरले. त्यांनी तिथल्या तिथे वास-पडताळणी समिती नेमली. पात्रता एकच, पूर्ण खात्री. ज्यांना वास येत होता ते सगळे 'बहुतेक', 'वाटतं खरं' असं पुटपुटत होते, त्यामुळे ते बाद झाले. उरलेले तिघेही सर्दीवाले निघाले.

शनिवारी संध्याकाळी समिती गच्चीवर जमली. खाली क्षिप्राचे ओठ निळे पडले. तिला उचलून तिची आई स्मिता रिक्षा शोधत रस्त्यावर धावली. दाबके वर बघून ओरडले, "अहो, आता तरी घ्या वास!" समितीने नाकं शिंकरली, ती पुन्हा चोंदली, आणि वास नसल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

मुलगी वाचली. इथून ताबडतोब हला, असं डॉक्टरांनी बजावलं. पण त्यासाठी आधी फ्लॅट विकायला हवा होता.

दुसऱ्याच आठवड्यात एक जोडपं संध्याकाळी फ्लॅट बघायला आलं. बाईच्या कडेवर तान्हं मूल. दारातच ती थबकली.

"अहो काका, इथे कसला वास येतो का हो?"

दाबक्यांनी एकदा आत झोपलेल्या क्षिप्राकडे पाहिलं.

"छे हो, काहीतरीच! अजिबात नाही."

बाई ओशाळून हसली. "मलाच मेलीला भास झाला असेल."

जोडप्याला दाबके फार आवडले. तुम्हालाही आवडले असते. चाचरत, अडखळत खरं बोलणाऱ्यावर तुम्ही तरी कधी विश्वास ठेवलाय?