नानांचा उभा नवस

मूळव्याध या विषयावर माझी कुणीही, कधीही परीक्षा घ्यावी. पहिली येईन!

हे सांगायचं कारण असं. चैत्रात माझे वडील गेले. भेटायला येणारा प्रत्येकजण त्यांच्या फोटोला हात जोडतो आणि म्हणतो, "काय तपस्वी माणूस होता!" परवा तर गल्लीत ठरलं, यंदा श्रावणात त्यांचा फोटो कानबाई देवीशेजारी मांडायचा. तेव्हा मात्र मला राहवेना. माझे वडील तपस्वी नव्हते. त्यांना मूळव्याध होती.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आम्ही तिथेच डिंडोलीत राहायचो. नाना, म्हणजे बन्सीलाल, पर्वत पाटिया भागातल्या एका गोडाऊनमध्ये साड्यांच्या घड्या घालायचे. दिवसभर गादीवर मांडी ठोकलेली. घरी आले की पहिल्या घासाला ठेचा, शेवटच्या घासाला ठेचा आणि मध्ये तोंडी लावायला भाकरी! पाण्याचं नाव काढलं की म्हणायचे, "पानी पिसन पोट भरस का?"

एक दिवस ते चहा उभ्यानं प्यायला लागले. मग पेपर उभ्यानं. मग ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून जेवण, टांग्याच्या घोड्यासारखं!

"गुडघा धरलाय," म्हणाले.

गुडघा धरलेला माणूस बसतो हो! मी वाचनालयातून आरोग्याचं जाडजूड पुस्तक आणलं, एका बैठकीत संपवलं आणि सरळ विचारलं, "नाना, रक्त पडतं का?"

नाना बीटासारखे लाल झाले. "तुले कोनी सांगं?"

"पुस्तकानं."

"चुल्हामा घाल ते पुस्तक!"

मी त्यांना ओढत उधन्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर गुजराती, मोकळा माणूस. तपासून म्हणाले, "काका, शरम शेनी? नस फूली गई छे, बस!" बैठं काम, तिखट, पाणी कमी, त्यात शौचाला जोर करायचा, म्हणून तिथल्या शिरा फुगतात. बहुतेकदा पथ्यानंच उतरतात. रक्त पडलं तर मात्र अंगावर काढायचं नाही, दाखवायचं. मलम, इसबगोल, पपई, भरपूर पाणी आणि रोज कोमट पाण्याच्या टबात बसणं.

"आणि ठेचा?" नानांनी हळूच विचारलं.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'ठेचा' लिहिलं आणि त्यावर मोठी फुली मारली.

रस्त्यात नानांनी मला शपथ घातली. गोडाऊनमधल्या निंबा नावाच्या कामगाराला हेच दुखणं झालं होतं. पोरांनी त्याचं नाव 'टमाटा' ठेवलं. बिचारा शेवटी भिवंडीला निघून गेला! "कोनले समजनं ना, ते मी बी गाव सोडसू," नाना म्हणाले. आयुष्यभर मान वर करून चाललेला माणूस.

सगळं गुपचूप चाललं होतं. पण शेजारच्या मालतीबाई वाटीभर साखर मागायला आल्या आणि नाना खिडकीशी उभे राहून जेवताना दिसले.

"काय हो भाऊ, बसत का नाही?"

नाना ठसकले. मी पुस्तकी उत्तर शोधत राहिले. तेवढ्यात आई, प्रमिलाबाई, पोळी लाटता लाटता म्हणाली, "नवस शे. सप्तशृंगीना."

"कसला?"

"देवी गडावर उभी शे ना? मंग ह्या बी उभा. उज्ज्वलानं लगीन व्हस तवलोंग बठनार नहीत."

म्हणजे माझं लग्न होईपर्यंत नाना बसणार नाहीत! आई जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. साठवून ठेवलं होतं बहुतेक!

मालतीबाईंनी रिकामी वाटी खाली ठेवली आणि नानांच्या पाया पडल्या. मग विचारलं, "झोपतात का?"

"झोपाले बंदी नही. नवस बठाना शे."

"आणि संडासात?"

"तठे देवी देखस नही," आई म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवशी गोडाऊनच्या शेठनं हार घातला. "बन्सीकाका, तमे तो संत छो!" म्हणत त्यांना घड्या घालायला उंच टेबल करून दिलं. रोजचा कोमट पाण्याचा टब म्हणजे व्रताचं स्नान ठरलं. ते टबातलं पाणी तीर्थ म्हणून मागायला एक बाई तांब्या घेऊन आल्या, तेव्हा मात्र मी दार लावून घेतलं!

इसबगोलनं आपलं काम चोख केलं. काही आठवड्यांत नाना ठणठणीत बरे. रविवारी टीव्हीपुढे खुर्ची ओढली, डोळे मिटले, तोंडभर हसले आणि टेकणार, एवढ्यात मालतीबाई भजनी मंडळ घेऊन दारात!

"हां हां भाऊ! देवी कोपेल!"

नाना विंचू चावल्यासारखे उभे राहिले.

आता आली का पंचाईत! दुखत होतं तेव्हा उभं राहणं सुख होतं. आता पाय भरून यायचे, समोर रिकामी खुर्ची असायची आणि खिडकीत कुणी ना कुणी डोकावत असायचं. नवस मोडला, तर उभे का होते हे सांगावं लागणार. नाना खुर्चीकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे.

एकटे नानाच नाही, सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली! मला बी.एड. करायचं होतं. पण दुधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत जो तो सुनावायचा, "पोरी, बापाच्या पायांकडे तरी बघ!" स्थळं अशी आली की दारात चपलांचा ढीग. अमळनेरकडचे बळीराम मुलाला, गोपाळला, घेऊन आले. मुलीचा बाप उभा म्हणून तेही बसेनात. पोहे सगळ्यांनी उभ्यानं खाल्ले. पोह्यांत शेंगदाणे कमी आहेत असं गोपाळ हळूच म्हणाला आणि मला हसू आलं. बी.एड. लग्नानंतर करू देईन, असंही म्हणाला. दिलंही.

लग्न ठरताच नाना सुटले. पथ्य, इसबगोल, टब, सगळं बंद! मांडव पडल्यापासून पाहुण्यांबरोबर शेवभाजी, वांग्याचं भरीत आणि वाटीनं ठेचा.

कन्यादानाची वेळ आली. भटजी म्हणाले, "वधूपित्यानं पाटावर बसावं." वाजंत्री थांबली. नाना सावकाश वाकले आणि टेकले. "सप्तशृंगी माता की जय!" असा गजर झाला. नानांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते बघून बायका हुंदके द्यायला लागल्या आणि बळीराम उपरण्यानं डोळे पुसू लागले.

तेवढ्यात नाना माझ्या कानाशी झुकले.

"उज्ज्वला, परत व्हई गयं वं! आते लोकेस्ले काय सांगू? दुसरी पोर बी नही शे!"