भोयर सरांचा चौथा आंबा

भोयर सरांकडे आंबा खायला गेलं, की आधी डोळ्यांवर दुपट्टा बांधून घ्यावा लागतो. मग सर एकेक फोड हातावर ठेवतात आणि शंभरपैकी गुण मागतात. मी त्यांचा भिंतीला भिंत लागून शेजारी, त्यामुळे माझी सुटका नाही. एकदा नुसतं "गोड आहे" म्हणालो, तर लगेच डाफरले, "गोड त गूळबी असते. कारणासहित उत्तर द्या!"

सर वर्ध्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. शाळा सुटली, परीक्षा काही सुटली नाही. अंगणात केसर, दशहरी, लंगडा अशी तीन कलमं, आणि तिघांची मिळून एक वही. साल किती जाड, कोय किती मोठी, रेषा दातात अडकते की नाही, सगळ्याला गुण. आमच्या ले-आउटमध्ये कोणी घर बांधलं, की वास्तुपूजेच्या आधी सर हजर! "अंगण लहान ना? मंग लंगडा नका लावू, लय पसरते. केसर लावा." गावरान आंब्याचं नाव काढलं तर मात्र हात झटकतात. "कोयीच्या झाडाचा भरवसा नाई. गोड निघन का आंबट, ब्रह्मदेवालेबी मालूम नाई."

आणि अशा जाणकाराच्या अंगणातलं चौथं झाड म्हणजे निव्वळ फजिती. नऊ वर्षांपूर्वी सरांनी एक कोय रुजवून त्या रोपावर केसरची काडी बांधली. कलमात जोडाच्या खालचा फुटवा खुडायचा असतो, नाहीतर खालचं गावरान झाडच वाढत बसतं. हे सरांनीच आम्हाला घोकवलेलं. आणि स्वतः काय केलं? वरची केसरची काडीच खुडली! आम्ही काय कमी चिडवलं? सर खाली मान घालून म्हणायचे, "चुकलं राजेहो." पण झाड काही उपटलं नाही.

सरांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, हे झाड डोळ्यांसमोर नको. त्याच्या सावलीत त्यांच्या कुरड्या वाळत नाहीत आणि फळ म्हणाल तर एक नाही. संक्रांतीला त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "या उन्हाळ्यात फळ, नाई त कुऱ्हाड. काऊन जपून राह्यले त्या ऐतखाऊले?"

दुसऱ्या दिवसापासून सर रोज सकाळी झाडाखाली उभे राहून वर बघू लागले.

आणि मोहोर आला! वाऱ्याने अर्धाअधिक झोडपला, तरी सात आंबे टिकले. सरांनी जुने बनियन फाडून सातही जणांना झबली शिवली. मी हसून हसून बेजार.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी परीक्षा भरली. यंदा सरांनी काकूंनाही आग्रहाने बसवलं. तिन्ही कलमं झाली. मग चौथी फोड तोंडात गेली आणि मी ओरडलोच, "पंच्याण्णव!" सरांनी कारण विचारलं नाही, म्हणून मी दुपट्टा वर करून पाहिलं.

डोळे बांधलेल्या काकू फोड गालात धरून बसल्या होत्या.

"हा त आमच्या बाबाचा शेप्या," त्या म्हणाल्या. "बडीशेपेचा वास येऊन राह्यला."

काकूंचं माहेर पुलगावकडे. त्यांच्या वडिलांच्या वावरातला तो आंबा रस्ता रुंद करताना तोडला, तेव्हा काकू दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

"कोय त्याचीच होती," सर म्हणाले. "शेवटच्या फळाची. कलमाचं नाटक केलं."

"मंग तुमी मले सांगतलं काऊन नाई?"

"आंबट निघाला असता त? तुले पुन्हा रडवू काय?"

म्हणजे काडी चुकून खुडलीच नव्हती! नऊ वर्षं हा माणूस आमची टिंगल निमूट ऐकत होता. मला लाज वाटली, आणि उठून टाळ्या वाजवाव्याशाही वाटल्या.

काकूंनी दुपट्टा सोडला नाही. तो ओला झाला होता. सरांनी वही ओढली. "गुण?"

"शंभर."

सरांनी शंभर लिहिले. कारणाचा रकाना तेवढा कोरा सोडला आणि उरलेल्या फोडींची ताटली काकूंच्या मांडीवर ठेवली.

काकूंनी नाक पुसलं, आणि माझ्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, "औंदापासून माह्या कुरड्या तुमच्या गच्चीवर वाळतीन."