छपरासाठी अर्ज

अर्ज लिहावा तर आम्हीच! हे मी मिरजगावच्या भर बाजारात, छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. अठरा वर्षं झाली मास्तरकीला. एवढ्या काळात गावातला एकही कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय तालुक्याला गेला नाही. विहिरीचा अर्ज, बदलीचा अर्ज! एकदा तर आप्पासाहेब सरपंचांच्या हरवलेल्या म्हशीचा अर्ज असा लिहिला, की फौजदारसाहेबांनी म्हणे डोळे पुसले. म्हैस सापडली नाही, तो भाग वेगळा.

तेव्हा त्या मोठ्या दुष्काळात, त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत, छबूबाई माझ्या दारात आल्या यात नवल नव्हतं. छबूबाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. मंडळ केवढं? वीस बायका आणि एक रबरी शिक्का! सगळ्या जणी पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. तान्ही पोरं तिथंच, खडीच्या ढिगाआड पाटीत निजवलेली. ऊन चढलं की ती अशी लालबुंद व्हायची, की बघवत नसे. मंडळातल्याच राहीबाईंचा नातू तर दोन दिवस तापानं फणफणला होता.

"गुरुजी, पोरान्ला सावली पायजे," छबूबाई म्हणाल्या. "चार पत्रं आन् चार बांबू. दुसरं काय मागत न्हाई आमी."

"एवढंच ना? अहो, मुंबईत मोठमोठे ट्रस्ट आहेत. लहान संस्थांना अनुदान द्यायलाच बसलेत ते! मला मंडळाचा सचिव करा, पंधरा दिवसांत पत्रे आणतो!"

केलं सचिव. मी एका ट्रस्टला तीन पानी अर्ज ठोकला. उत्तर आलं, अर्ज तीन प्रतींत पाठवा. पाठवला. उत्तर आलं, इंग्रजीत पाठवा. नगरला जाऊन टाइप करून आणला, पाठवला. उत्तर आलं, गरजू बालकांचा फोटो जोडा! तोवर एप्रिल उजाडला होता आणि माझं डोकं पोरांपेक्षा जास्त तापलं होतं.

नेमकी फोटोच्या दिवशी मला शिक्षकांची सभा. फोटोचं काम छबूबाईंवर सोपवलं, आणि तिथंच फसलो. बायकांनी अकरा पोरं मिरजगावच्या फोटो स्टुडिओत नेली. फोटो आला. पोरांना काजळ, तीट, डोक्याला कुंच्या! आणि मागं बंगला, बंगल्यापुढं बाग, बागेत दोन हंस आणि मधोमध थुईथुई उडणारं कारंजं!

"छबूबाई, हे काय?"

"फोटुवाल्याचा पडदा हाय त्यो. साधाबी हुता. पर मुंबईला जायाचा फोटू, मंग चांगला नको व्हय?"

पुन्हा फोटो काढायला वेळ नव्हता. मुंबईच्या माणसाला पडदा कळणार नाही का, असं म्हणून मी तोच पाठवला. नाही कळला! उत्तर आलं, 'आपण प्यायला पाणी नाही असे लिहिले आहे. परंतु छायाचित्रात कारंजे चालू दिसते. आमचे अधिकारी समक्ष पाहणीस येत आहेत.'

म्हटलं, येऊ द्या! समक्ष बघतील तर पाझर फुटेल. मी बायकांना ओळीनं बसवून धडा घोकून घेतला.

"साहेब म्हणाले, काय अडचण? तर काय सांगायचं?"

"पोरं उनात असत्यात!"

"शाब्बास! पुन्हा!"

तीनदा म्हणून घेतलं. चौथीची पोरंसुद्धा पाढे इतके चोख म्हणत नाहीत.

मे महिन्यातल्या त्या दिवशी मी साहेबांना आणायला मिरजगावच्या एस.टी. स्टँडवर गेलो. आप्पासाहेब जीप देत होते, ती मी मुद्दाम नाकारली. साहेबांना दोन मैल भर उन्हातून चालत आणलं. ऊन म्हणजे काय, ते त्यांच्या टाळूला कळू दे! साहेब धापा टाकत, घाम पुसत तलावावर पोचले. आणि समोर बघतो तर काय? मांडव!

बाभळीच्या मेढी रोवलेल्या, वर घरोघरच्या वाकळा एकीला एक टाचून ताणलेल्या, त्यावर लिंबाचे डहाळे. खाली झोळ्या बांधून त्यात न्हाऊमाखू घातलेली अकरा पोरं गाढ झोपलेली! दोन दिवसांचं प्यायचं पाणी त्या आंघोळीत गेलं असणार.

"वा! काय गार वाटतंय!" म्हणत साहेब आत टेकले.

"छबूबाई, काय करून बसलात हे?" मी दात-ओठ खात कुजबुजलो.

"मंग? मुंबईचा पाव्हना उनात बशिवता? गावाला काय आब्रू हाय का न्हाई?"

साहेबांनी गुळाचा चहा घेतला आणि वही उघडली. "हं, सांगा बाई. काय अडचण आहे?"

राहीबाईंनी पदर सावरला. "काय न्हाई बगा सायेब. देवाच्या किरपेनं समदं बरं हाय."

आमच्याकडं पाहुण्यापुढं रडगाणं गात नाहीत. चूल दोन दिवस पेटलेली नसली तरी 'बरं हाय' म्हणतात. हे मी जन्मभर बघत आलो होतो आणि नेमकं विसरलो होतो!

"राहीबाई, नातवाचा ताप सांगा की!"

"त्याला काय धाड भरलीय? कसा झोपलाय बगा!"

"मुलं उन्हात असतात ना?" साहेबांनी विचारलं.

"छ्या! ही काय सावलीत!" वीस जणी एका सुरात म्हणाल्या.

माझा तोल सुटला. "साहेब, हे खरं नाही! हा मांडव आज सकाळचा आहे! थांबा, दाखवतोच!" म्हणून मी एका वाकळेला हिसका दिला. तिच्यामागून दुसरी आली, दुसरीमागून तिसरी! डहाळे, माती, मुंगळे, सगळं साहेबांच्या टकलावर. कपबशी फुटली आणि अकराच्या अकरा पोरांनी एकदम भोकाड पसरलं.

"गुरुजी!" राहीबाई कडाडल्या. "लेकरांच्या डोक्यावरचं छप्पर वडता? लाज न्हाई वाटत?"

साहेबांनी टक्कल झाडलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ते मी त्याच मांडवाखाली वाचून दाखवलं. बायकांनी तो तेव्हाच पुन्हा ताणला होता आणि नंतर कुणी काढलाच नव्हता. पोरं रोज तिथंच निजत होती. ना ताप, ना रड.

"'छप्पर उत्तम स्थितीत आहे, सबब पत्र्यांची गरज दिसत नाही. मात्र मंडळाच्या सचिवांना उभे छप्पर पाडताना आमच्या अधिकाऱ्यांनी समक्ष पाहिले आहे. त्यांच्यापासून सावध राहावे.'"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण छबूबाई वर वाकळांकडं बघत होत्या.

"वाकळा घरातच हुत्या, गुरुजी. पर सायेब येनार नस्ता तर सुचल्या नस्त्या बगा." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आता पोरान्ला प्यायाच्या पान्याची सोय पायजे. आनखी एक अर्ज लिवा."

"छबूबाई, काही मिळणार नाही हो!"

"न्हाई तर न्हाई. नुसता सायेब येतो म्हनला, की समदं गाव कामाला लागतंय. पर गुरुजी..."

"काय?"

"सायेब येनार त्या दिशी तुमी तेवढं साळंतच ऱ्हावा!"